डोनावूरच्या अम्मा : ॲमी कारमायकल (१८६७–१९५१)

एज्राच्या पुस्तकातील दुसरा अध्याय आपण बहुधा भराभर वाचून पुढे जातो. नावांमागून नावे आणि आकडे! भाषांतर करणाऱ्याला मात्र ती सवलत नसते. बाबेलहून परतलेल्या काही याजक घराण्यांनी आपल्या वंशावळीची नोंद शोधली, ती सापडली नाही, म्हणून त्यांना याजकपणापासून दूर ठेवण्यात आले, असे त्या अध्यायात आहे. या ओळींशी आलो की मला बंगळूरला आलेल्या एका आयरिश बाईंची आठवण होते.

ॲमी कारमायकल यांचा जन्म १६ डिसेंबर १८६७ रोजी आयर्लंडच्या उत्तरेस, डाउन परगण्यातील मिलआइल या समुद्रकाठच्या खेड्यात झाला. वडील डेव्हिड, आई कॅथरीन. सात भावंडांत ॲमी थोरल्या. घराणे प्रेसबिटेरियन पंथाचे, धंदा पिठाच्या गिरणीचा.

अशा प्रतिष्ठित घराण्याचा माग काढणे सोपे असेल, असे आपणास वाटेल. तसे नाही. आयर्लंडच्या जुन्या जनगणनांचे बहुतेक कागद १९२२ साली यादवी युद्धात डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याबरोबर जळाले. १८६१ व १८७१ चे कागद सरकारनेच पूर्वी नष्ट केले होते, तर १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धातील कागदटंचाईत लगद्यात गेले. ॲमीबाई ज्या घरात वाढल्या, त्या घराची शिरगणती यामुळे कोठेच उरली नाही. आणि १९०१ ची जनगणना, जी आज पूर्ण मिळते, ती झाली तेव्हा त्या हिंदुस्थानात होत्या! तरीही शोधणाऱ्याने निराश होऊ नये. १८६४ पासून तेथे प्रत्येक जन्माची सरकारी नोंद होऊ लागली. त्याआधीच्या पिढीसाठी मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत, आणि घरे व जमिनी कोणाच्या ताब्यात होत्या हे सांगणारी ग्रिफिथ यांची मोजणी आहे. यातील पुष्कळ कागद आज संगणकावर घरबसल्या पाहता येतात.

पुढे हे कुटुंब बेलफास्टला आले. १८८५ साली वडील वारले. ॲमीबाई शहरातील गिरणीकामगार मुलींमध्ये काम करू लागल्या. डोक्यावर शाल घेणाऱ्या त्या गरीब मुली प्रतिष्ठित उपासकांना मंदिरात नकोशा वाटत. तेव्हा बाईंनी त्यांच्यासाठी पत्र्याचे सभागृह उभारले. नंतर इंग्लंडमध्ये रॉबर्ट विल्सन या वृद्ध गृहस्थांनी त्यांना लेकीप्रमाणे घरी ठेवून घेतले. त्या कृतज्ञतेने त्यांनी आपल्या नावात विल्सन हे नाव जोडले. त्यांच्या जुन्या पुस्तकांवर ते दिसते. त्या कोणा विल्सनशी विवाहबद्ध झाल्या असाव्यात, असा तर्क मात्र आपण करू नये. त्या आजन्म अविवाहित होत्या.

१८९३ मध्ये त्या जपानला गेल्या, पण प्रकृती बिघडल्याने परतल्या. बंगळूरची हवा मानवेल असे एका परिचारिका मैत्रिणीने कळवले, आणि नोव्हेंबर १८९५ मध्ये त्या तेथे पोहोचल्या, त्याही अंगात हाडमोड्या ताप घेऊन. बंगळूरच्या छावणीतील मिशनरी वर्तुळाचा ऐषआराम त्यांना रुचला नाही. १८९६ संपता संपता त्या तिरुनेलवेलीकडे गेल्या. तेथे टॉमस वॉकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी तमिळचा अभ्यास पुढे नेला.

मार्च १९०१ मध्ये प्रीना नावाची सात वर्षांची मुलगी त्यांच्या दारी आली. ती देवळाला वाहिलेली होती. पूर्वी एकदा पळून गेल्याबद्दल तिच्या हातांना डागण्या दिल्या होत्या. तिच्यामागून आणखी मुली आल्या, १९१८ पासून मुलगेही आले, आणि डोनावूर हे त्या साऱ्यांचे घर झाले. आपणा महाराष्ट्रीयांना येथे पंडिता रमाबाईंचे केडगाव आठवल्याशिवाय राहणार नाही.

या लेकरांपैकी अनेकांची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. म्हणून डोनावूरला वाढदिवसाच्या जागी प्रत्येकाचा आगमनाचा दिवस साजरा होई. मूल कोणाचे, हे न विचारता ते केव्हा आले, एवढेच लिहून ठेवायचे! पुष्कळांना नवी नावेही मिळाली. मुली परत नेण्यासाठी नातलग येत, कोर्टकज्जे होत. तेव्हा जुने नाव झाकणे हे संरक्षणच होते. परंतु आपण हेही विसरू नये की, त्यामुळे त्यांच्या नातवंडांना मागचा धागा सापडणे कठीण झाले. आयर्लंडचे कागद आगीने नेले, येथले दयेने. मला यात बाईंना दोष देववत नाही, पण त्या नातवंडांची हुरहूरही खोटी म्हणवत नाही.

बाई मायदेशी पुन्हा कधीच गेल्या नाहीत. ऑक्टोबर १९३१ मध्ये पडून जखमी झाल्यावर पुढची जवळजवळ वीस वर्षे त्यांनी बहुतांशी खोलीतच काढली आणि पुस्तके लिहिली. १८ जानेवारी १९५१ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

वंशावळ शोधणारा शेवटी कबरस्तानात जातो, कारण दगडावर नाव, गाव, तारखा मिळतात. डोनावूरला ते मिळणार नाही. कबरेवर दगड नको, असे बाईंनी सांगून ठेवले होते. मुलांनी तेथे पाखरांसाठी पाण्याचे एक कुंड ठेवले आणि त्यावर एकच शब्द कोरला : अम्मा.