फटाक्यानं नजर अधू झाली, त्या पोरानं पुढं लाहोरात गाण्याची शाळा काढली

दत्तजयंतीचा उत्सव होता. फटाके उडत होते. त्यातला एक एका लहान पोराच्या तोंडाजवळच फुटला. चेहरा भाजला, डोळ्यांना इजा झाली.

ते पोरगं म्हणजे पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर.

१८ ऑगस्ट १८७२ ला कुरुंदवाडला त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबर गोपाळ कीर्तनकार. अपघात झाला तेव्हा गावात उपचाराची सोय नव्हती, मिरजेला न्यावं लागलं. नजर अधू झाली आणि शाळा मागं पडली.

सूर मात्र घरातच होता. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला बसवलं. १८९६ मध्ये ते बाहेर पडले. गाणं राजेरजवाड्यांच्या दरबारात अडकलेलं असताना त्यांनी तिकीट लावून मैफली केल्या. ५ मे १९०१ ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही लोकांच्या वर्गणीवर. विशेष म्हणजे नजर अधू असलेल्या या माणसानं गाणं कागदावर उतरवायची स्वरलिपी तयार केली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचेच शिष्य. २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत ते गेले.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. पण प्रत्येक पोराला बाळकृष्णबुवा भेटत नाहीत.

आज श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीत एखाद्या मुलाच्या डोळ्याला फटाका किंवा विटी लागली, तर आतलं भिंग पांढरं पडू शकतं. हा मार लागून झालेला मोतीबिंदू. ऑपरेशन करून कृत्रिम भिंग बसवता येतं.

पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू बघायला शिकत असतो. एका डोळ्यातून अंधुक दिसलं की मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करतो आणि तो डोळा आळशी होतो. म्हणून चष्मा लावायचा आणि डॉक्टर सांगतील तितके तास चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची. मूल वाढतं तसा नंबर बदलतो. भिंगामागं पुन्हा पडदा धरू शकतो, डोळ्याचा दाबही वाढू शकतो. त्यामुळं तपासणी वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते. पोरगं खेळायला लागलं म्हणून ती सोडली, तर ऑपरेशन होऊनही नजर हातची जाऊ शकते.

आणि मार लागला त्या क्षणी? डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, दूध-मध घालायचं नाही. त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा.