दादोबांचे व्याकरण आणि आपल्या मुलांची इंग्रजी

मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ओळखले जाणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म १८१४ साली मुंबईत झाला. इंग्रजी शिकताना परक्या भाषेचे नियम त्यांनी अभ्यासले आणि त्याच धर्तीवर मायबोलीचे नियम शोधले. १८३६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. पुढे सुरतेत त्यांनी अध्यापन केले. १८४४ ची मानवधर्म सभा आणि १८४९ ची परमहंस सभा यांच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. १८८२ साली ते निवर्तले.

बालाघाट, वारासिवनी, लांजीकडील मराठी घरांना दादोबांचा मार्ग आजही उपयोगी आहे. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि वर इंग्रजी, अशा तीन भाषांत मूल गोंधळते. इन, ऑन की ऍट, हा त्याचा नेहमीचा प्रश्न. मराठीत ‘सकाळी’ आणि ‘सोमवारी’ यांचा शेवट सारखाच. इंग्रजीत मात्र ‘इन द मॉर्निंग’, पण ‘ऑन मंडे’. ‘पाच वाजता’ म्हणायचे तर ‘ऍट फाइव्ह’. हिंदीत ‘सोमवार को’ म्हणतात. मराठीत ‘वर’ झाडाला मागून जोडला जातो, ‘झाडावर’. इंग्रजीत ‘ऑन’ आधी येतो.

म्हणून नियम घोकून घेण्याआधी पालकांनी मुलाला विचारावे, हे आपल्या मराठीत कसे म्हणतोस? मायबोलीची घडण कळली, की परक्या भाषेतला फरक डोळ्यांना दिसतो. दादोबांनी हेच केले. शाळेत मराठीचा तास नसला, तरी हा अभ्यास घरी होऊ शकतो.