कुर्गानचे डॉक्टर आणि चार बोटं उंची

मैत्रिणींनो, मोटारसायकलच्या अपघातात पाय मोडलेला एखादा मुलगा तुम्ही पाहिला असेल. पायाभोवती लोखंडी कडी, त्यांतून आरपार गेलेल्या बारीक तारा, सगळीकडे नटबोल्ट. बघणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. आपल्याकडे लोक त्याला पायाला रिंग बसवलीय असं म्हणतात. डॉक्टर मात्र त्या रिंगेला एका माणसाच्या नावाने ओळखतात, इलिझारोव. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बायकांबरोबर खेपा घालताना हे नाव मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी हा माणूस कोण, ते शोधून वाचायला बसले. एका मुलीच्या आईने मला एक प्रश्न विचारला होता, हेही एक कारण होतंच. त्या प्रश्नाकडे मी येतेच, पण आधी या डॉक्टरांची गोष्ट ऐका.

गॅव्ह्रिल अब्रामोविच इलिझारोव यांचा जन्म १९२१ सालचा, एका गरीब ज्यू कुटुंबातला. पुढे हे कुटुंब अझरबैजानच्या डोंगराळ भागात, कुसार नावाच्या गावी राहायला गेलं. सहा भावंडांत हे सगळ्यांत थोरले. थोरल्याच्या वाट्याला काय येतं, ते आपल्याला सांगायला नको. चांगले अकरा-बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांना शाळा अशी मिळालीच नाही. पण एकदा शाळेत पाऊल टाकल्यावर त्यांनी राहिलेला अभ्यास भराभर भरून काढला. लहानपणी न धुतलेली फळं खाऊन ते फार आजारी पडले होते. गावातल्या वैद्यकीय मदतनिसाने त्यांना वाचवलं आणि डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनाने तेव्हाच घेतलं, अशी आठवण सांगतात.

क्रिमियात मेडिकलचं शिक्षण सुरू झालं आणि १९४१ साली युद्ध येऊन ठेपलं. सगळं कॉलेजच हलवून दूर कझाकस्तानात नेलं. उपासमारीचे दिवस होते ते. १९४४ साली पदवी हातात पडली आणि तेविसाव्या वर्षी त्यांची रवानगी झाली उरल पर्वतापलीकडच्या कुर्गान भागात, दोल्गोव्का नावाच्या खेड्यात. सगळ्या पंचक्रोशीत डॉक्टर म्हणून हेच. बाळंतपणापासून हाड बसवण्यापर्यंत सगळं एकाच माणसाने करायचं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरचं जे होतं तेच समजा, फक्त थंडी सैबेरियाची.

युद्धावरून परतलेले जवान त्यांच्यापुढे येत. कुणाचं हाड जुळलेलंच नाही, कुणाचं वेडंवाकडं जुळलेलं, कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. तेव्हाचा इलाज म्हणजे प्लास्टर घालायचं आणि महिनोन् महिने पडून राहायचं. हाड आतून घट्ट धरून ठेवता आलं तर पेशंट उठून चालू शकेल, हा विचार या तरुण डॉक्टरांच्या डोक्यातून जाईना. त्यातूनच पायाभोवती कडी, हाडातून आरपार तारा आणि कड्यांना जोडणाऱ्या दांड्या अशी रचना तयार झाली. सुरुवातीला सायकलच्या चाकाच्या तारा वापरल्या म्हणतात. घरात पडलेल्या वस्तूतून मार्ग काढणारी बाई मला यात दिसते, पण ते असो. १९५२ साली त्यांनी या उपकरणाच्या हक्कासाठी अर्ज केला आणि १९५४ साली सरकारने तो त्यांच्या नावावर केला.

पुढची गोष्ट आणखी नवलाची आहे. मूळ कल्पना अशी, की मोडलेल्या हाडाची टोकं एकमेकांवर दाबून धरायची. पण नट उलटा फिरला आणि टोकं जवळ येण्याऐवजी हळूहळू लांब गेली, अशी कथा सांगतात. एक्स-रे काढून बघतात तो मधल्या फटीत नवं हाड धरू लागलेलं! कथा खरी असो वा रचलेली, त्यातून त्यांना एक मोठा नियम सापडला आणि तो त्यांनी वर्षानुवर्षं प्राण्यांवर आणि माणसांवर तपासून पक्का केला. हाड नीट कापून, त्याचं वरचं आवरण आणि रक्तपुरवठा सांभाळून टोकं सावकाश लांब केली, तर शरीर ती फट स्वतःच भरून काढतं. वेग ठरला दिवसाला एक मिलिमीटर, तोही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. घाई केली तर हाड धरत नाही, फारच सावकाश केलं तर ते वेळेआधी जुळून बसतं.

मॉस्कोतल्या मोठ्या लोकांना हे काही पटेना. खेड्यातला डॉक्टर, हातात पाने आणि नटबोल्ट. हा डॉक्टर आहे की फिटर, अशी त्यांची टिंगल व्हायची म्हणतात. दूरदूरचे पेशंट कुर्गानला रांगा लावत होते, पण मान्यता काही मिळत नव्हती. १९६८ साली त्यांनी पर्म शहरात प्रबंध सादर केला. अर्ज होता खालच्या पदवीसाठी, तपासणाऱ्यांनी दिली थेट त्याच्या वरची.

आणि त्याच वर्षी व्हॅलेरी ब्रुमेल आला. टोकियो ऑलिम्पिकमधला उंच उडीचा सुवर्णपदक विजेता, १९६३ साली २.२८ मीटर उडी मारून जागतिक विक्रम केलेला. १९६५ साली मोटारसायकलच्या अपघातात त्याचा पाय चिरडला. तीन वर्षं ऑपरेशनांवर ऑपरेशनं झाली, तरी हाड जुळेना आणि पायही आखूड झालेला. इलिझारोव यांनी त्याचं हाड जुळवलं आणि पायाची लांबीही भरून काढली. तो गडी पुन्हा मैदानात उतरला आणि दोन मीटरहून उंच उडी मारून दाखवली. मग काय, देशभर नाव झालं. १९७० साली संगीतकार शोस्ताकोविच आपले दुबळे झालेले हात घेऊन कुर्गानला येऊन राहिले. १९७१ साली तिथे मोठी संशोधन संस्था झाली.

पाश्चात्त्य देशांत मात्र तोवर फारसा कुणाला पत्ता नव्हता. इटलीचा गिर्यारोहक कार्लो मॉरी जुन्या मोडलेल्या पायाने वर्षानुवर्षं लंगडत होता. थॉर हेयरदालच्या समुद्रसफरीत एक रशियन डॉक्टर त्याचा सोबती होता, त्याने कुर्गानचा रस्ता दाखवला. १९८० साली मॉरी तिथे गेला आणि सरळ पायाने परत आला, तेव्हा इटलीतले डॉक्टर चाट पडले. १९८१ साली त्यांनी इलिझारोव यांना बोलावून घेतलं आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडेही आली. पोलिओने आखूड झालेले पाय, जन्मतः वाकडी हाडं, अपघातात हाडाचा तुकडाच उडालेला, अशा कितीतरी लोकांना या रिंगेने पायावर उभं केलं. १९९२ साली डॉक्टर कुर्गानमध्येच वारले. त्यांना जादूचे प्रयोग करून दाखवायचा फार नाद होता म्हणे, आणि लोकही त्यांना कुर्गानचा जादूगारच म्हणायचे.

आता माझ्याकडे आलेला प्रश्न. आमच्या बचत गटातल्या एकीची मुलगी अकरावीत आहे, सोळा वर्षांची. हुशार, पळण्यात चपळ, पोलीस भरतीची जिद्द. पण उंचीत दोनेक सेंटिमीटर कमी पडते. त्यातच नात्यातल्या कुणीतरी लग्नाच्या बाजारात ठेंगणी मुलगी किती दिवस घरी बसते, ते ऐकवलं. मुलीने मोबाइलवर पाय लांब करायच्या ऑपरेशनचा व्हिडिओ बघितला आणि धरून बसली. खर्च लाखांच्या घरात. वडील अर्धा एकर गहाण टाकायला तयार. आईने मला विचारलं, हो म्हणू का नको.

मी काही डॉक्टर नाही, साधी बी. ए. झालेली गृहिणी. पण वॉर्डात बसून जे पाहिलंय आणि या डॉक्टरांबद्दल वाचताना जे कळलंय, ते मी तिला सांगितलं. ऑपरेशन तेच आहे. फरक एवढाच, की इथे चांगलं, न मोडलेलं हाड मुद्दाम कापायचं, आणि तेही दोन्ही पायांचं. सहा सेंटिमीटर म्हणजे चार बोटंसुद्धा भरत नाहीत. दिवसाला एक मिलिमीटर धरला तर नुसतं लांब करायलाच साठ दिवस. नंतर ते कोवळं हाड कडक व्हायला जवळपास दुप्पट वेळ. म्हणजे सहा महिने किंवा त्याहून जास्त पायाला रिंग. आता हाडाच्या आत बसवायचा, बाहेरून चुंबकाने लांबवायचा खिळाही निघालाय. त्यात बाहेरच्या तारा नाहीत, पण हाड कापणं आहेच आणि खर्चही जास्त.

हाड वाढतं हो, पण स्नायू, शिरा, नसा त्याच्यामागे ओढल्या जातात. टाच जमिनीला टेकेनाशी होते, गुडघा आखडतो, म्हणून रोज व्यायाम करून घ्यावा लागतो, रडत रडत. तारांच्या तोंडाशी पू होतो. कधी नस दुखावते, कधी हाड धरतच नाही आणि पुन्हा ऑपरेशन. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पुष्कळजणांचं नीट पार पडतं. पण पूर्वीसारखं पळता येईल याची हमी कुणी डॉक्टर देत नाही. भरतीत उंचीची पट्टी संपली की मैदान असतं, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. हिचं बळ ते धावण्यातच तर आहे!

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. दिवसातून चार वेळा नट फिरवायचा कोणी? जखमा पुसायच्या, संडासाला न्यायचं, रात्री कळ आली की उठायचं कोणी? त्या व्हिडिओत आई कुठे दिसली नाही, पण घरी हे सगळं आईनेच करायचं असतं. शेतमजुरीला जाणाऱ्या बाईने सहा महिने घरी बसायचं म्हणजे काय, याचाही हिशेब खर्चात धरायला हवा. मुलगी अठरा वर्षांच्या आतली, त्यामुळे कागदावर सही आई-बापाची. पुढे काही बिघडलं तर पाय तिचा आणि सही यांची.

चीनमध्ये असल्या ऑपरेशनांचं पेव फुटलं होतं. कित्येकजण पायाने अधू झाले आणि २००६ साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाने नुसत्या उंचीसाठीच्या ऑपरेशनवर बंदी घातली. आपल्याकडे २०१६ साली हैदराबादेत एका तरुणाने घरी न सांगताच हे करून घेतलं, त्यावर पेपरांतून बरीच चर्चा झाली. तो निदान सज्ञान होता.

काही मुलं जन्मतःच बुटकेपणाच्या विकाराची असतात. हात नळापर्यंत पोचत नाही, बसची पायरी चढता येत नाही. त्यांच्या घरच्यांनी असा विचार केला तर ती बाब निराळी, आणि त्यांनाही कुणी घाई करू नये. या मुलीचं तसं काहीच नाही. तिची आजी ठेंगणी, आई ठेंगणी. दोघींची कामं कुठे अडली, ते मला तरी माहीत नाही.

म्हणून माझं उत्तर नाही असंच आहे. सोळाव्या वर्षी तर नाहीच नाही. अठरा पूर्ण झाल्यावर तिला स्वतःच्या कमाईने, स्वतःच्या सहीने करायचं असेल तर तो तिचा निर्णय. पण ठेंगणं राहण्याची तिला इतकी भीती का वाटते, याबद्दल तिच्याशी कुणीतरी बोलायला हवं. ऐकवणाऱ्या नातेवाइकांशीही बोलायला हवं, आणि ते काम मी घेतलंय.

पण नुसतं नाही म्हणून भागत नाही. मुलींची उंची पाळी सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांत थांबत येते, मुलांची त्यानंतर. हाडांच्या टोकाशी वाढीच्या पट्ट्या असतात, त्या एकदा बंद झाल्या की कुठलीही पावडर, कुठलीही गोळी उंची वाढवू शकत नाही. जाहिरातींवर एक पैसाही घालवू नका. पट्ट्या उघड्या आहेत का, ते हाताच्या पंज्याच्या एक्स-रेमध्ये कळतं. थायरॉइड कमी असणं, गव्हाने आतडं बिघडणं, वाढीच्या हार्मोनची कमतरता, यांनीही वाढ खुंटते आणि यांवर औषध आहे, मात्र वेळेत कळलं तर. मुलगी दहा-अकरा वर्षांची असताना वर्षातून दोनदा भिंतीवर खूण करून उंची मोजा. वर्षभरात चार सेंटिमीटरसुद्धा वाढली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आमच्या मुलीची पाळी उशिरा, पंधराव्या वर्षी सुरू झाली, त्यामुळे थोडी वाढ शिल्लक असेलही. गेल्या गुरुवारी हाताचा एक्स-रे काढून झाला, थायरॉइडचं रक्तही दिलंय. गहाणाचा कागद वडिलांनी तूर्त कपाटात ठेवलाय. रिपोर्ट सोमवारी मिळणार आहेत.