जात्यावरून थेट फडात

चिखल्याच्या आमच्या घरात रेडिओवर लावणी लागली की आजी उठून बटण फिरवायची. चांगल्या घरच्या बायकांनी असलं ऐकायचं नसतं, हा तिचा कायदा! पण हीच आजी पहाटे जात्यावर बसली की एकामागून एक ओव्या गायची. या दोन्हींचं काही नातं असेल, असं तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही. ते कळलं पठ्ठे बापूरावांविषयी वाचल्यावर.

त्यांचं खरं नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६चा, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचा. दळणाऱ्या बायकांच्या ओव्या ऐकता ऐकता त्यांना गाणी जुळवायचा नाद लागला, असं सांगतात. पुढे ते तमाशासाठी लावण्या रचू लागले. ब्राह्मणाचा मुलगा तमाशात म्हटल्यावर गाव खवळणारच. पण बापूराव मागे फिरले नाहीत. घरदार सुटलं, जातीनं दूर लोटलं. गण, गवळण, लावणी, वग, सगळं रचत ते फडात उभे राहिले.

मग त्यांना पवळा भेटली. संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसाची, महार समाजातली. तमाशात बाईचं काम नाच्या पोरं करत, त्या काळात ही बाई स्वतः उभी राहिली. शब्द बापूरावांचे, गळा आणि अदा पवळाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जोडी मुंबईत तुफान गाजली. लोकांनी तिकीट काढून खेळ पाहिला आणि घरी जाऊन दोघांनाही नावं ठेवली.

पुढे दोघांची ताटातूट झाली आणि बापूरावांना उतरती कळा लागली. २२ डिसेंबर १९४५ला पुण्यात, हलाखीतच ते गेले. पाचच वर्षांनी, १९५० साली, त्यांच्या नावाचा सिनेमा निघाला. जिवंतपणी मात्र पोटाची भ्रांत!

तरी मैत्रिणींनो, बापूरावांचं नाव राहिलं, कारण लावण्या कागदावर उतरल्या. पवळाचा गळा कुठे उतरवून ठेवणार? आणि ज्यांच्या ओव्या त्या पोराच्या कानावर पडल्या, त्या जात्यावरच्या बायकांची तर नावंही कुणाला ठाऊक नाहीत.

आजी आता नाही. जातं परसात पडून आहे. रेडिओवर लावणी लागली की मी मात्र बटणाला हात लावत नाही. उलट, आवाज थोडा वाढवते.