चुंबकानें थंडी निर्माण करणारा शास्त्रज्ञ

रेफ्रिजरेटरांत थंडी उत्पन्न करण्यासाठीं वायु दाबावा लागतो, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु केवळ चुंबकाच्या साह्यानेंहि थंडी उत्पन्न करतां येते, हें ज्यांनीं प्रयोगानें सिद्ध केलें, त्या विल्यम फ्रान्सिस जिओक यांचें चरित्र मोठें बोधप्रद आहे.

विल्यमचा जन्म १२ मे १८९५ रोजीं कॅनडांतील नायगारा फॉल्स येथें झाला. १९०८ सालीं त्याचे वडील वारले, तेव्हां तो शाळेंतच शिकत होता. विजेचा इंजिनियर व्हावें ही त्याची उत्कट इच्छा होती. शालेय शिक्षण संपल्यावर त्यानें नायगाऱ्याच्या वीजघरांत नोकरीसाठीं खटपट केली. पण ती व्यर्थ गेली. शेवटीं हूकर नांवाच्या रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेंत त्यास काम मिळालें. तेथील सुव्यवस्था पाहून त्याचें मन रसायनशास्त्राकडे वळलें. दोन वर्षें नोकरी करून तो कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील विश्वविद्यालयांत दाखल झाला. तेथें १९२० सालीं पदवी व १९२२ सालीं पीएच.डी. मिळवून जिओक यांनीं तेथेंच आयुष्यभर अध्यापन व संशोधन केलें.

उणे २७३.१५ अंश सेंटिग्रेड ही थंडीची अखेरची सीमा होय. तिच्या अगदीं जवळ पदार्थ कसे वागतात, हें जिओक यांस पाहावयाचें होतें. परंतु द्रवरूप हेलियम वापरूनहि त्या सीमेच्या सुमारें एक अंश अलीकडेच वाट खुंटत असे.

१९२६ सालीं त्यांनीं, आणि स्वतंत्रपणें पीटर डिबाय यांनीं, नवा मार्ग सुचविला. शाळेची घंटा होतांच मुलें रांगेंत उभीं राहतात व सुटी होतांच पांगतात, तशीच गॅडोलिनियम धातूच्या क्षारांतील अणूंची स्थिति असते. प्रत्येक अणु जणूं इवलासा चुंबकच. बलवान् चुंबकाच्या प्रभावाखालीं ते रांग धरतात; त्या वेळीं बाहेर पडणारी उष्णता हेलियमकडून काढून घ्यावी. मग बाहेरची उष्णता आंत येऊं न देतां चुंबकाचा प्रभाव दूर करावा. अणु पांगतात, आणि त्यासाठीं लागणारी शक्ति क्षारांतूनच घेतली गेल्यामुळें क्षार अधिक थंड होतो.

कल्पना सिद्धीस नेण्यास सात वर्षें लागलीं. १९३३ सालच्या मार्चमध्यें त्यांनीं मॅक्डूगल यांच्या साह्यानें अंतिम सीमेपासून ०.५३ अंशापर्यंत, व एप्रिलमध्यें ०.२५ अंशापर्यंत मजल मारली. १९४९ सालीं त्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. २८ मार्च १९८२ रोजीं ते निवर्तले.

१९७६ सालीं अमेरिकेंत ब्राऊन यांनीं गॅडोलिनियम धातु वापरून, आपल्या खोलींत असते तेवढ्या उष्णतामानाच्या आसपासहि ही युक्ति चालते, असें दाखविलें. आतां मीटरच्या शंभर कोटीव्या भागाच्या मापानें ज्यांची घडण केली जाते, असे चुंबकीय पदार्थ संशोधक पारखीत आहेत; त्यांतून कमी विजेवर चालणारें शीतयंत्र घडावें, ही आशा आहे.

ज्या मुलास वीजघराचें दार उघडलें नाहीं, त्यानेंच विजेची बचत करूं पाहणाऱ्या संशोधनाचा पाया घालावा, हें केवढें नवल! विद्यार्थिमित्रांनो, इच्छिलेलें काम न मिळालें तरी मिळालेलें काम मन लावून करावें. कोणत्या वाटेनें आपल्या हातून लोकसेवा घडेल, हें आरंभीं कोणास ठाऊक असतें?