एका बाटलीचा कलंक

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मुंबईकरांना परिचित आहे. मात्र ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या वाल्डेमार हाफकिन यांना याच संस्थेचे प्रमुखपद एका औषधदुर्घटनेच्या ठपक्यामुळे सोडावे लागले होते, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल.

१८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात जन्मलेले हाफकिन मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा सरकारने त्यांना येथे पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत अहोरात्र खपून त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःलाच टोचून घेतली आणि मगच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली.

कीर्ती शिखरावर असतानाच घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी आजच्या पाकिस्तानातील पंजाबमधील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या सर्वांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. त्या दिवशी वापरलेल्या अन्य बाटल्यांतील लशीने कुणालाही अपाय झाला नाही.

प्रश्न एवढाच होता, की जंतू बाटलीत शिरले कोठे? परळला, की मुल्कोवालला? मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. पंजाबची मोठी मागणी पुरवताना हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक आम्ल घालण्याऐवजी उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत अवलंबिली होती. ही बाब त्यांच्या विरोधात गेली. बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष आयोगाने काढला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर व्हावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला. वैद्यकीय पदवी नसलेल्या या परदेशी शास्त्रज्ञाविषयी सरकारी डॉक्टरांच्या वर्तुळात आधीपासूनच अढी होती.

चौकशीच्या कागदपत्रांत मात्र वेगळीच कहाणी दडलेली होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवून घेण्याऐवजी कार्बोलिकच्या द्रावणात नुसता बुडवून त्याच चिमट्याने बूच काढण्यात आले. शिवाय लस तयार होऊन तोवर ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढले असते, तर बाटली उघडताच दुर्गंधी यायला हवी होती. टोचणाऱ्या डॉक्टरांना तशी दुर्गंधी आली नव्हती.

मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनी हे मुद्दे लावून धरले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त ठरले. ते पुन्हा भारतात, कलकत्त्याला रुजू झाले. पण पूर्वीचा अधिकार आणि उमेद परत मिळाली नाही. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

औषधाने इजा झाली की चूक बनविणाऱ्याची की देणाऱ्याची, हा प्रश्न आजही प्रत्येक दाव्याच्या मुळाशी असतो. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर सदोष उत्पादनाबद्दल उत्पादक, विक्रेता आणि सेवा पुरवठादार यांची जबाबदारी स्वतंत्रपणे तपासण्याची तरतूद केली. मुल्कोवालच्या १९ मृतांना आणि हाफकिन यांना असा कायदा लाभला नाही. एका पडलेल्या चिमट्याची नोंद कागदावर होती, तरी तिचे मोल उमगायला पाच वर्षे लागली. तोवर एका शास्त्रज्ञाच्या उमेदीचा काळ सरून गेला होता.