मेफेअरची मूळ मालकीण मेरी डेव्हिस

पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहाच्या १६६१च्या करारात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले, हे सर्वश्रुत आहे. पुढे १६७७मध्ये लंडनमध्ये झालेल्या आणखी एका विवाहातील आंदणाची कथा मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. त्यातील वधू होती बारा वर्षांची मेरी डेव्हिस.

मेरीचा जन्म १६६५चा. त्याच वर्षीच्या प्लेगमध्ये तिचे वडील अलेक्झांडर डेव्हिस दगावले. ह्यू ऑडली या धनाढ्य सावकाराकडून आलेली सुमारे ५०० एकर जमीन तान्ह्या मेरीच्या नावे राहिली. डोक्यावर कर्जही होतेच. ही जमीन म्हणजे लंडनच्या पश्चिमेची दलदल आणि गायराने. मेरी सात वर्षांची असताना लॉर्ड बर्कली यांच्या मुलाशी तिचा विवाह ठरला, पैसेही घेतले गेले. बर्कलींना पुढच्या अटी पाळता न आल्याने तो व्यवहार (याला दुसरा शब्द नाही) फिसकटला आणि चेशर परगण्यातील सर थॉमस ग्रोव्हनर यांच्याशी तिचे लग्न लागले.

सर थॉमस १७००मध्ये निवर्तले. मेरीचे मानसिक स्वास्थ्य ढळू लागले होते. १७०१मध्ये ती पॅरिसला असताना तिच्या धर्मगुरूचा भाऊ एडवर्ड फेनविक याने तिच्याशी आपला विवाह झाल्याचा दावा केला. आपल्याला गुंगीचे औषध दिले गेले, असे तिचे म्हणणे होते. पत्नीच्या जमिनीच्या उत्पन्नावर पतीचा हक्क मानणारा तो काळ! १७०३मध्ये निकाल फेनविकच्या बाजूने लागला. १७०५मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो विवाह रद्द ठरवला. जमीन वाचली. मेरीला मात्र त्याच वर्षी वेडी ठरवून इतरांच्या ताब्यात देण्यात आले. १७३०मध्ये तिचा मृत्यू झाला.

ती हयात असतानाच, १७२०च्या सुमारास, मुलगा सर रिचर्ड याने मेफेअरमध्ये बांधकामास प्रारंभ केला. जमीन विकायची नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची. मुदत सरली की इमारतीसह परत घ्यायची, ही या घराण्याची रीत. गेल्या शतकापूर्वीच्या दलदलीवर १८२०च्या दशकापासून बेलग्रेव्हिया उभे राहिले. १८७४मध्ये घराण्याला ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर हा किताब मिळाला. पिम्लिकोचा भाग १९५३मध्ये विकला गेला, तरी मेफेअर आणि बेलग्रेव्हियातील सुमारे ३०० एकर ग्रोव्हनर कंपनीकडे राहिले. २०१६मध्ये सातव्या ड्यूकच्या हाती वारसा आला, तेव्हा त्यांचे वय होते २५.

मेफेअरमध्ये मेरीच्या माहेरचे नाव डेव्हिस स्ट्रीटने जपले आहे. ऑक्सफर्ड स्ट्रीटपासून निघणारा हा रस्ता, योगायोग असा, की बर्कली स्क्वेअरपाशी संपतो.